बोटीवर राहणाऱ्या लेकी-जावयाने मरीनाच्या पुनर्विकासाला विरोध कसा करावा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण बडोद्यात राहता. लेक आणि जावई सहा वर्षांपासून सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतील, तेथील नगरपालिकेच्या मालकीच्या एका मरीनात (बोटी बांधून ठेवण्याच्या गोदीत), स्वतःच्या शिडाच्या बोटीवर संसार करून आहेत. मरीनात बोटी लावण्याच्या एकूण ३२० जागा असून सुमारे ४० बोटींवर माणसे कायम राहतात. आता नगरपालिकेने पुनर्विकास काढला आहे: जुने धक्के मोडून मोठ्या बोटींसाठी नवे धक्के, काठावर हॉटेल आणि दुकाने, आणि आराखड्यात एका ओळीत असे वाक्य की राहत्या बोटी टप्प्याटप्प्याने बंद केल्या जातील. रहिवाशांनी विरोध करायचे ठरवले आहे, ‘सार्वजनिक किनारा विकू नका’ ही घोषणाही ठरली आहे, आणि विश्वामित्री नदीकाठ प्रकल्पाच्या वेळी बडोदेकरांनी जे केले ते तेथे उपयोगी पडेल का, असे लेकीने आपल्याला विचारले आहे.

मी महाराजा सयाजीराव विद्यापीठातून वास्तुशास्त्र शिकून बाहेर पडलो आणि पुढे एकोणीस वर्षे त्याच खाडीच्या काठावरील एका नियोजन कार्यालयात काम केले. बडोद्यात परतल्यापासून तलाव, नदीकाठ आणि नगररचना योजनांवर हरकती लिहिणाऱ्या लोकांना मदत करतो. मी वकील नाही. लेकीचा करारनामा आणि मरीनाचे मूळ परवाने पाहिल्याशिवाय ठाम मत देता येत नाही, आणि खाली मी जे लिहिले आहे त्याचा मोठा भाग त्या कागदांत काय आहे यावर अवलंबून आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

आपण ‘विरोध करावा का आणि कसा’ असे विचारले आहे. माझ्या मते खरा प्रश्न त्याच्या आधीचा आहे: या चाळीस कुटुंबांचा दावा नेमका कोणता? किनारा सर्वांचा राहावा हा एक दावा, आणि आमचे घर मोडू नये हा दुसरा. सभेत ते एका दमात बोलले जातात, त्यामुळे ते एकच वाटतात. कॅलिफोर्नियात मात्र पहिला दावा दुसऱ्याच्या मुळावर येऊ शकतो, आणि रहिवाशांना हे बहुधा फार उशिरा कळते.

याचे कारण ‘पब्लिक ट्रस्ट’ म्हणून ओळखले जाणारे सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व. भरती-ओहोटीखालची जमीन आणि तिच्यावरचे पाणी सरकारच्या मालकीचे असले तरी सरकार ते जनतेसाठी विश्वस्त म्हणून धरते, मन मानेल तसे देऊन टाकू शकत नाही. इलिनॉय राज्याने १८६९ मध्ये शिकागोसमोरील मिशिगन सरोवराचा हजार एकरांहून मोठा तळ एका रेल्वे कंपनीला दिला आणि चार वर्षांनी तो परत घेतला. हे परत घेणे योग्यच होते, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९२ मध्ये ठरवले. आपल्याकडे हेच तत्त्व डिसेंबर १९९६ मध्ये कमलनाथ प्रकरणात आले. बियास नदीच्या काठची वनजमीन एका मोटेलला दिलेली होती. तो पट्टा रद्द करताना आपल्या सर्वोच्च न्यायालयाने याच अमेरिकन निकालांचा आधार घेतला. तेव्हा लेकीची घोषणा पोकळ नाही, तिच्यामागे शतकाहून जुना कायदा उभा आहे.

पण तोच कायदा पुढे असे विचारतो की जनतेसाठी म्हणजे कशासाठी? त्याचे उत्तर आहे जलवाहतूक, व्यापार, मासेमारी, जलविहार, निसर्गाचे जतन. खासगी निवास या यादीत बसत नाही, कारण घर म्हटले की ती जागा एका कुटुंबाची होते आणि बाकीच्या जनतेला बंद होते. हॉटेल मात्र बसते, कारण तेथे कोणीही पाहुणा म्हणून येऊ शकतो. आपल्याला हे उलटे वाटेल, मलाही पहिल्यांदा वाटले होते, पण राज्याच्या जलभूमीची देखरेख करणाऱ्या तेथील स्टेट लँड्स कमिशनची भूमिका अनेक वर्षे हीच आहे. रेडवुड सिटीमधील डॉकटाउन या तरंगत्या वस्तीचे उदाहरण लेकीने अवश्य वाचावे. तेथील सार्वजनिक जलभूमीवर लोकांनी घरे करून राहणे विश्वस्ततेत बसत नाही असा दावा २०१५ मध्ये दाखल झाला, आणि २०१६ संपण्यापूर्वी नगर परिषदेने निवास बंद करण्याचा आराखडा मंजूर केला. त्या वस्तीविरुद्ध वापरले गेलेले हत्यार आणि आपल्या लेकीच्या फलकावरची घोषणा ही एकाच तत्त्वातून निघाली आहेत.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की ही घोषणा बदलावी. विरोध थांबवा असे मी म्हणत नाही. विरोधाची मांडणी अशी करा की विश्वस्ततेचे तत्त्व आपल्या बाजूला बसेल. त्याची वाट त्या खाडीच्या नियमांतच आहे. खाडीचे नियंत्रण करणारा आयोग, ज्याला सगळे ‘बीसीडीसी’ म्हणतात, १९६५ च्या मॅकएटीर-पेट्रिस कायद्याने स्थापन झाला. राहत्या बोटींना त्याच्या धोरणात सरसकट बंदी नाही. मरीनाच्या सुरक्षिततेसाठी काही माणसे रात्रंदिवस पाण्यावर असणे उपयोगी आहे हे ते धोरण मान्य करते, आणि मंजूर जागांच्या दहा टक्क्यांपर्यंत राहत्या बोटींना वाव ठेवते. मात्र स्वच्छतागृहे, वाहनतळ आणि बोटीतील मैलापाणी उपसून घेण्याची सोय पुरेशी हवी. याहून जास्त संख्या हवी असेल तर ती सुरक्षिततेसाठी का गरजेची आहे, हे मरीनाने सिद्ध करायचे असते.

आता आपणच हिशेब करा. ३२० चे दहा टक्के म्हणजे ३२. तेथे राहतात सुमारे ४०. म्हणजे आठ बोटी आजच मर्यादेबाहेर आहेत, किंवा मूळ परवान्यात त्यांच्यासाठी वेगळी सवलत आहे. परवान्यात काय लिहिले आहे हे रहिवाशांनी नगरपालिकेच्या आधी वाचलेले असले पाहिजे. भर सुनावणीत हा आकडा समोरच्याने काढला तर चाळीसही जण बेकायदा असल्यासारखे दिसतील. तोच रहिवाशांनी स्वतः काढला आणि ‘बत्तीस जागांना धोरणात वाव आहे, त्या नव्या आराखड्यात कायम ठेवा, उरलेल्या आठ जागा तेथील माणसे स्वतःहून सोडून गेल्यावरच कमी करा’ अशी मागणी केली, तर नकार देणाऱ्याला त्याचे कारण द्यावे लागेल. या आठ जणांचे काय, यावर रहिवाशांत भांडण होईल. ते आपसात, आधी आणि मोकळेपणाने होऊ द्यावे.

तेथील एका सुनावणीत मी टेबलाच्या पलीकडे, म्हणजे कार्यालयाच्या बाजूने, बसलो होतो. माणशी तीन मिनिटे होती. पहिल्या वीस-बावीस जणांनी आठवणी सांगितल्या: सूर्यास्त, शेजारधर्म, पाण्यावर वाढलेली मुले. सगळे खरे होते आणि ऐकताना गलबलून येत होते, पण आमच्या टिपणवहीत ‘रहिवासी विरोधात’ एवढीच नोंद होत होती. मग पासष्टीच्या एक बाई उठल्या. त्यांच्या हातात निळ्या पुठ्ठ्याची वही होती आणि तिच्यात अकरा वर्षांच्या नोंदी होत्या. कोणत्या तारखेला मैलाटाकी उपसली, त्याची पावती शेजारी चिकटवलेली. कोणत्या वादळात कोणाच्या बोटीचा दोर तुटला आणि तो त्यांनी व शेजाऱ्याने रात्री किती वाजता पुन्हा बांधला. धक्क्यावरच्या वीजपेटीतून धूर येताना दोनदा पाहिला, त्याचे फोन किती वाजता केले. अध्यक्षांनी वही पाहायला मागितली. त्या संध्याकाळी दप्तरी दाखल झालेला नागरिकाचा तो एकच पुरावा होता, आणि कार्यालयाच्या पुढील टिपणात राहत्या बोटी ठेवण्याच्या बाजूने जो परिच्छेद आला तो त्या वहीवरच उभा होता. तो परिच्छेद मी लिहिला होता, म्हणून खात्रीने सांगतो. लेकीला म्हणावे, आजपासून अशी वही घाला आणि मागच्या पावत्या शोधा. पाण्यावर राहणारा माणूस त्या पाण्याचा राखणदार असतो, हे अशा कागदांनीच सिद्ध होते.

दुसरा मुद्दा करारनाम्याचा. आपल्याकडे लीव्ह अँड लायसन्स आणि भाडेकरू यांत जो फरक आहे, तसाच तेथे आहे. घराघराला नळ, वीज आणि मैलावाहिनी कायमची जोडलेली असते अशा तरंगत्या घरांसाठी कॅलिफोर्नियात स्वतंत्र रहिवासी कायदा असून, सबळ कारणाशिवाय काढून टाकण्याविरुद्ध त्यात संरक्षण आहे. शीड लावून समुद्रात जाऊ शकणारी बोट मात्र जहाज ठरते, आणि तिच्या जागेचा करार बहुधा महिनाकाठचा परवाना असतो. आपण वर्णन केले आहे त्यावरून लेकीची बोट या दुसऱ्या प्रकारात पडते.

घर की जहाज हा वाद किती दूर जाऊ शकतो, याचे उदाहरण फ्लोरिडातील रिव्हिएरा बीचचे फेन लोझमन. तेथील नगरपालिकेच्या मरीनात ते तरंगत्या घरात राहत आणि मरीनाच्या पुनर्विकासाला त्यांचा विरोध होता. शहराने धक्क्याचे सुमारे तीन हजार डॉलर थकल्याचे सांगून २००९ मध्ये सागरी कायद्याखाली थेट त्या घरावरच दावा लावला. ते जप्त झाले, लिलावात शहरानेच विकत घेतले आणि मोडून टाकले. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी सांगितले की ते जहाज नव्हतेच. त्याला सुकाणू नव्हते, स्वतःचे इंजिन नव्हते, आणि जहाजाच्या घट्ट बंद होणाऱ्या गोल खिडक्यांऐवजी तीन बाजूंना काचेचे दरवाजे होते. प्रवासाचे वाहन म्हणून कोणताही समंजस माणूस त्याकडे पाहणार नाही. लोझमन जिंकले, पण घर तोवर उरले नव्हते. २००६ मध्ये नगर परिषदेच्या सभेत बोलताना त्यांना अटकही झाली होती, आणि त्या प्रकरणातही २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला.

लेकीच्या बाबतीत यातून निघणारी गोष्ट अगदी व्यवहाराची आहे. तिची बोट खरोखरच जहाज आहे, म्हणजे लोझमन यांना मिळालेला बचाव तिला मिळणार नाही. विरोधाचा भाग म्हणून धक्क्याचे भाडे रोखून धरण्याची कल्पना अशा सभांमधून हमखास निघते. ती मान्य करू नये. थकबाकी झाली की बोटीवरच बोजा चढतो आणि बोट जप्त होऊ शकते. भाडे वेळेवर भरावे, हवे तर ‘हरकत राखून’ असे लिहून भरावे आणि पावती जपावी. विम्याचे आणि नोंदणीचे कागदही एक दिवससुद्धा मुदतबाह्य होऊ देऊ नयेत, कारण ज्याला मोठे कारण सापडत नाही तो लहान कारण शोधतो.

आता कार्यपद्धतीविषयी. तेथे १९७० पासून पर्यावरण परिणामांचा कायदा आहे, त्याला ‘सिक्वा’ म्हणतात. एवढ्या मोठ्या कामासाठी नगरपालिकेला बहुधा परिणाम अहवालाचा मसुदा काढावा लागेल आणि त्यावर मते देण्यासाठी साधारण ४५ दिवस मिळतील. अहवाल मंजूर होऊन निर्णयाची सूचना दाखल झाली की न्यायालयात जाण्याची मुदत फक्त ३० दिवस असते, आणि जो मुद्दा सुनावणी संपेपर्यंत कोणीच मांडला नाही तो न्यायालयात नव्याने काढता येत नाही. म्हणून ४५ दिवसांत लेखी दिलेला प्रत्येक मुद्दा उद्याच्या दाव्याचा पाया आहे. नगर परिषदेच्या नियमित सभेची विषयपत्रिका ७२ तास आधी लावणे तेथे बंधनकारक आहे आणि नागरिकाला बोलू देणेही. कोणीतरी एकाने ती विषयपत्रिका दर वेळी पाहण्याची जबाबदारी घ्यावी. शिवाय पाण्यातील धक्के आणि काठापासून शंभर फुटांपर्यंतचे बांधकाम यांना बीसीडीसीचा स्वतंत्र परवाना लागतो. नगर परिषदेत हरलेला मुद्दा तेथे पुन्हा मांडता येतो, आणि दहा टक्क्यांचे धोरण त्याच आयोगाचे असल्यामुळे तो तेथे जास्त काळजीने ऐकला जातो.

आणखी एक कागद बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कॅलिफोर्नियातील अनेक सार्वजनिक मरीने राज्याच्या नौकानयन विभागाच्या कर्जातून बांधलेली आहेत. तसे असेल तर कर्जाच्या करारात मरीना कोणासाठी आणि कशासाठी चालवायचे याच्या अटी असतात. लहान बोटींच्या जागा कमी करून मोठ्या बोटींना देणे त्या अटींत बसते का, हे पाहावे. माहिती मागण्याचा कायदा तेथे आपल्या माहिती अधिकारापेक्षा कितीतरी जुना आहे. कागद देणार की नाही हे दहा दिवसांत कळवावे लागते.

विश्वामित्रीच्या बाबतीत आपण विचारले त्याचे उत्तर येथेच देतो. पावागडहून येणारी ही नदी शहराच्या मधून वाहते, तिच्यात मगरी आहेत, आणि नदीकाठ विकास प्रकल्पाविरुद्धचे प्रकरण २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादापुढे गेले. मे २०२१ मध्ये लवादाने नदीचे क्षेत्र आखून तिच्या संवर्धनाचा कृती आराखडा राबवण्याचा आदेश दिला. तेथे लढणाऱ्यांचा दावा एकच होता, नदीचा. तिची कोतरे (काठच्या घळी), पूरमैदान आणि मगरींचा अधिवास यांवर ते पहिल्यापासून शेवटपर्यंत ठाम राहिले. काठावरच्या कोणाच्या घराचा हक्क त्यांनी त्यात मिसळला नाही, म्हणून विश्वस्ततेचे तत्त्व त्यांच्या हातात सरळ बसले. लेकीची अडचण वेगळी आहे, कारण ती स्वतःच पाण्यावर राहते. तिने बडोद्याकडून घ्यावी ती शिस्त: नकाशे, तारखा, पत्रांच्या पोच. एका तलावाच्या कामात आम्ही सहाशे सह्यांचे छापील पत्र दिले आणि संबंधित कार्यालयाने ती एकच हरकत म्हणून मोजली. त्यानंतर आम्ही पंचवीसच पत्रे दिली, पण प्रत्येक वेगळे, प्रत्येकात त्या घराला दिसणारी एक गोष्ट, आणि प्रत्येकाला स्वतंत्र उत्तर आले. तेथील परिणाम अहवालातही प्रत्येक ठोस आक्षेपाला लेखी उत्तर द्यावे लागते, म्हणून हा मार्ग तेथे अधिकच उपयोगाचा आहे.

एक गोष्ट रहिवाशांना कडू लागेल. ते धक्के बहुधा खरोखरच बदलायला झाले असतील. खाऱ्या पाण्यात खांब कुजतात, तरंगत्या काँक्रीटला तडे जातात, जुन्या वीजजोडण्यांतून पाण्यात प्रवाह उतरून माणूस दगावू शकतो, आणि खाडीचा गाळ उपसायला दर काही वर्षांनी मोठा खर्च येतो. ‘आहे तसेच राहू द्या’ असे म्हणणाऱ्याला नगरपालिकेचा अभियंता दोन छायाचित्रे दाखवून गप्प करतो. म्हणून दुरुस्तीला पाठिंबा द्यावा आणि ती एकेक धक्का रिकामा करून, त्या धक्क्यावरच्या बोटी मरीनातच दुसरीकडे लावून करावी अशी मागणी करावी. सगळे मरीना एकदम रिकामे करायचे म्हटले की परत कोण येणार हे अनिश्चित राहते. क्रमवार दुरुस्तीत माणसे जागेवर राहतात. नव्या धक्क्यांवर लहान बोटींच्या जागा किती आणि भाडे किती, हेही आकड्यांत मागावे. भाडे दुप्पट झाले तर काढून टाकण्याची नोटीस द्यावीच लागत नाही.

निवास बंदच झाला तर स्थलांतराच्या मदतीचा प्रश्न येईल. सरकारी कामामुळे घर सोडावे लागणाऱ्यांसाठी तेथे कायदा आहे, आणि रेडवुड सिटीत रहिवाशांना अशी मदत देऊ केली गेली होती. ती मागणी आत्ताच लेखी नोंदवावी. ‘मदत मागितली म्हणजे हार मानली’ असे काही शेजारी म्हणतील. मला ते पटत नाही. वृद्ध आणि एकट्या माणसांना दोन वर्षांनी कोठे जावे हे कळायला हवे, आणि ती जबाबदारी लढणाऱ्यांचीच आहे. या मागणीसाठी मात्र तेथील भाडेकरूंच्या बाजूने काम करणारा वकील गाठावा. त्यातील बारकावे माझ्या आवाक्याबाहेरचे आहेत.

लेकीने या आठवड्यात तीन कागद मिळवावेत: स्वतःचा करारनामा, मरीनाचा बीसीडीसीचा परवाना त्याच्या सर्व दुरुस्त्यांसह, आणि राज्याने ती जलभूमी नगरपालिकेला ज्या कायद्याने सोपवली त्याची प्रत. परवान्यात राहत्या बोटींची संख्या बहुधा विशेष अटींमध्ये दिलेली असते, ते पान आधी उघडावे. तो आकडा ३२ आहे की ४०, हे कळवलेत तर पहिल्या पत्राचा मसुदा कसा असावा ते मी लिहून देईन.